नव्या लॅपटॉपवर आधी काय टाकावं?

अभियांत्रिकीचा, बीसीएचा किंवा संगणकशास्त्राचा प्रवेश पक्का झाला की घरात लॅपटॉप येतो. बहुतेक घरांत ती मोठी खरेदी असते. कुणी बचत मोडलेली असते, कुणी हप्ते लावून घेतलेले असतात. आणि पहिल्याच आठवड्यात एखाद्या व्हिडिओतली यादी समोर ठेवून त्यावर पंधरा-वीस सॉफ्टवेअर टाकली जातात: चार एडिटर, तीन डेटाबेस, पायथनच्या दोन आवृत्त्या, अँड्रॉइड स्टुडिओ, डॉकर, शिवाय सिनियरच्या पेनड्राइव्हमधून आलेलं टर्बो सी. दिवाळीपर्यंत मशीन रडत-रखडत चालू लागतं. प्रोग्राम एका पायथनने चालतो, लायब्ररी दुसऱ्याच पायथनमध्ये जाऊन बसलेली असते, आणि 'माझ्या लॅपटॉपवर काहीच चालत नाही' अशी समजूत होऊन बसते. त्यातला दोष लॅपटॉपचा नसतो आणि मुलाच्या बुद्धीचा तर नसतोच.

नव्या मशीनवर साधनं कमी असावीत, त्यातलं प्रत्येक कशासाठी आहे हे वापरणाऱ्याला सांगता यावं, आणि उद्या मशीन कोरं करायची वेळ आली तर एका दुपारी सगळं पुन्हा उभं करता यावं. या तीन गोष्टी जमल्या तर कोणता एडिटर चांगला यावरच्या वादांना फारसा अर्थ उरत नाही. विंडोजवर शिकायला सुरुवात करणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितो आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हातात विंडोजच असतं.

साधनांकडे वळण्याआधी मशीनची थोडी तयारी करायची असते. विंडोज पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा वापरकर्त्याचं नाव विचारू शकतं. तिथे देवनागरीत नाव लिहू नका आणि मध्ये मोकळी जागाही सोडू नका. त्या नावावरून सी ड्राइव्हवर तुमचा फोल्डर तयार होतो आणि पुढे अनेक साधनं आपलं सामान त्यातच ठेवतात. अँड्रॉइडच्या विकास-साधनांसारखी काही साधनं रोमन नसलेल्या अक्षरांच्या वाटेवर अडतात. फोल्डरचं नाव नंतर बदलणं फार किचकट असतं, त्यामुळे सुरुवातीलाच छोटं, रोमन, एकसंध नाव द्या. मराठीचा अभिमान दाखवायला प्रोग्राममध्ये पुष्कळ जागा आहे, त्याकडे पुढे येतोच.

दुसरी गोष्ट वनड्राइव्हची. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की पुष्कळदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही फोल्डर वनड्राइव्हमध्ये जातात. कागदपत्रांसाठी ही सोय उत्तम आहे, प्रोजेक्टसाठी मात्र नाही. एखाद्या साध्या जावास्क्रिप्ट प्रोजेक्टच्या लायब्ररींच्या फोल्डरमध्ये हजारो बारीक फाइली असू शकतात. त्या सगळ्या वर चढवण्यात वनड्राइव्ह गुंतलं की मशीन मंदावतं, आणि फाइल वापरात आहे म्हणून साधनं एरर देतात. सी ड्राइव्हवर 'कोड' नावाचा, अर्थात रोमन अक्षरांत, वेगळा फोल्डर करा आणि सगळे प्रोजेक्ट तिथे ठेवा.

तिसरी गोष्ट अगदी बारीक आहे, पण पहिल्या प्रॅक्टिकलला तीच नडते. फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, विंडोज मुळात लपवून ठेवतं. मुलगी नोटपॅडमध्ये पायथनचा प्रोग्राम लिहिते, नावापुढे डॉट पाय लावून सेव्ह करते, आणि नोटपॅड त्याच्यापुढे आणखी एक डॉट टीएक्सटी चिकटवतं. डोळ्यांना दिसताना नाव बरोबर दिसतं, पायथनला मात्र ती फाइल सापडत नाही. फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, मग शो आणि त्यात फाइल नेम एक्स्टेन्शन्स, एवढं एकदा चालू करून ठेवलं की हा घोळ कायमचा मिटतो.

आणि बिटलॉकरची चावी. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची 48 आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवली जाते. लिनक्स टाकायला किंवा व्हर्च्युअलायझेशन चालू करायला बायॉसमध्ये बदल केला की पुढच्या वेळी मशीन ती चावी मागू शकतं. ती हाताशी नसेल तर डिस्कवरचं सगळं गेल्यातच जमा. खात्यात जाऊन ती बघा, वहीत उतरवून ठेवा, मगच बायॉसला हात लावा.

आता एडिटर. सुरुवात करणाऱ्याला मी व्हिज्युअल स्टुडिओ कोड सुचवतो. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आणला. तो मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर सारखाच चालतो, आणि सी, पायथन, जावा, वेब अशा सगळ्या कामांना पुरतो. नावामुळे एक गोंधळ नेहमी होतो: व्हिज्युअल स्टुडिओ आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोड ही दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत. पहिलं मुख्यतः सी शार्प, डॉटनेट आणि विंडोजवरच्या सी प्लस प्लससाठीचं अवाढव्य साधन आहे आणि निवडलेल्या घटकांप्रमाणे कित्येक जीबी जागा खातं. दुसरं हलकं आहे. घाईत पहिलंच डाउनलोड करून मोबाइलचा दिवसाचा डेटा संपवणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. नाव दोनदा वाचून मग बटण दाबा.

व्हीएस कोडबद्दल आणखी एक समजून घ्यायला हवं: तो फक्त लिहिण्याची जागा आहे. तो टाकला म्हणून सीचा प्रोग्राम चालणार नाही, त्यासाठी कंपायलर वेगळा लागतो, आणि पायथनसाठी पायथन वेगळं लागतं. हे कुणी समजावून सांगत नाही, म्हणून मुलं एडिटर पुनःपुन्हा काढून टाकत बसतात. एडिटरला जोडायची छोटी साधनं असतात, त्यांनाही एक्स्टेन्शनच म्हणतात. तीही मोजकीच घ्या. ज्या भाषेत काम करता तिचं एक, फार तर कोड नीट मांडून देणारं एक. प्रकाशकाचं नाव तपासल्याशिवाय कोणतंही टाकू नका, कारण एक्स्टेन्शन तुमच्या मशीनवर तुमच्याच अधिकाराने चालतं आणि तुमच्या फाइली वाचू शकतं. रंगीत थीम आणि आयकॉनची सजावट नंतर निवांत करता येईल.

जावामध्ये मोठं काम करायचं असेल तर मात्र माझा कल इंटेलिजे आयडियाकडे आहे. वर्गांची नावं बदलणं, एखादी पद्धत कुठून-कुठून बोलावली जाते ते शोधणं, एकेक ओळ थांबवत प्रोग्राम तपासणं या गोष्टी तिथे फार चोख होतात. त्याची मोफत सोय आहे, आणि ते बनवणारी जेटब्रेन्स ही कंपनी विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी आपली पूर्ण साधनंही मोफत परवान्यावर देते. महाविद्यालयात इक्लिप्स शिकवत असतील तर तेही वाईट नाही. शिक्षक जे वापरतात ते पहिल्या सत्रात वापरलं तर अडलेल्या जागी मदत लगेच मिळते, हा फायदा कमी लेखू नका.

सी आणि सी प्लस प्लसच्या बाबतीत मात्र मला जरा स्पष्ट बोलायचं आहे. टर्बो सी प्लस प्लस 1990 चं आहे. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण 1998 मध्ये आलं. म्हणजे आज नोकरीच्या मुलाखतीत ज्या व्हेक्टर, स्ट्रिंग, मॅप यांवर प्रश्न येतात ते प्रमाण ठरण्याच्या आधीचं हे साधन आहे. ते 16 बिटचं असल्यामुळे 64 बिट विंडोजवर थेट चालतही नाही. डॉसबॉक्समध्ये जुन्या डॉसचा आभास उभा करून ते चालवावं लागतं. निळा पडदा, माउस अडकलेला, मराठी सोडाच, साधं कॉपी-पेस्टही धड नाही.

याचा परिणाम कसा होतो ते एका उदाहरणात दिसतं. फॅक्टोरियलचा प्रोग्राम पहिल्याच महिन्यात असतो. टर्बोमध्ये इंट हा प्रकार दोन बाइटचा असतो, त्यात 32767 पर्यंतचीच संख्या मावते. सातचं फॅक्टोरियल 5040, तिथवर सगळं बरोबर. आठचं 40320 यायला हवं, पण पडद्यावर उणे 25216 येतं. विद्यार्थी आपल्या लूपमध्ये चूक शोधत तासन्‌तास घालवतो आणि लूप अगदी बरोबर असतो. हाच प्रोग्राम आजच्या जीसीसी कंपायलरवर चालवला तर इंट चार बाइटचा असतो आणि बाराच्या फॅक्टोरियलपर्यंत, म्हणजे 47,90,01,600 पर्यंत, उत्तर बरोबर येतं. तेराला तोही हात टेकतो. संख्या कुठे मावत नाही हा धडा दोन्हीकडे मिळतो, पण एका ठिकाणी तो आजच्या जगातला धडा असतो.

म्हणून घरी जीसीसी वापरा. सर्वांत सोपी वाट कोडब्लॉक्सची: त्याच्या संकेतस्थळावर मिंगडब्ल्यू, म्हणजे विंडोजसाठीचा जीसीसी, जोडलेला इन्स्टॉलर मिळतो, त्यात एडिटर आणि कंपायलर एकदमच येतात. व्हीएस कोडमध्येच काम करायचं असेल तर एमएसवायएस-टू टाकून त्यातून जीसीसी घ्यावा लागतो आणि त्याचा बिन फोल्डर विंडोजच्या पाथ या यादीत जोडावा लागतो. टर्मिनलमध्ये आज्ञा दिल्यावर विंडोज जिथे-जिथे साधन शोधतं त्या जागांची यादी म्हणजे पाथ. ही एक गोष्ट नीट कळली की 'कमांड सापडली नाही' या एररची निम्मी भीती जाते. परीक्षेत किंवा प्रॅक्टिकलला टर्बोच असेल तर वादात पडू नका. घरी प्रमाण पद्धतीने लिहा आणि जर्नलसाठी हेडरची नावं, व्हॉइड मेन, पडदा पुसायची आज्ञा असे वरवरचे बदल करून द्या. शिक्षकांनाही माझी विनंती आहे की प्रयोगशाळेत हा बदल करा. जीसीसीला परवान्याचा एक रुपयाही लागत नाही.

पायथन पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. नेहमीच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर तळाशी पाथमध्ये जोडण्याचा छोटा चौकोन असतो. त्यावर खूण केली नाही तर पुढे टर्मिनलमध्ये पायथन लिहिल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं आणि माणूस तिथून दुसरं पायथन घेतो. दोन पायथनांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. आवृत्तीबद्दल सांगायचं तर दर ऑक्टोबरात नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला सुमारे पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. अगदी ताजी आवृत्ती आल्या-आल्या काही लायब्ररी तिच्यासाठी तयार नसतात. तिच्या एक पाऊल मागची घेतली तर बहुतेक काम सुरळीत होतं.

प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्याच्यापुरत्या लायब्ररींची वेगळी जागा, करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. व्हीएन्व्ह हे त्याचं साधन पायथनसोबतच येतं. एका प्रोजेक्टला पांडाज या लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी आणि दुसऱ्याला नवी, असा प्रसंग पहिल्या वर्षी येत नाही. तिसऱ्या वर्षी, सबमिशनच्या आदल्या रात्री, हमखास येतो.

जावासाठी जेडीके घेताना तारखांपेक्षा एलटीएस ही तीन अक्षरं बघा, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती. 17, 21 आणि 25 या तशा आहेत. इक्लिप्स फाउंडेशनच्या अडॉप्टियम प्रकल्पाचं टेमुरिन मोफत आहे आणि त्यात परवान्याची कटकट नाही. जावास्क्रिप्टसाठी नोड जेएस घेतानाही एलटीएसच घ्या.

वेब, सर्व्हर किंवा डेटाचं काम करायचं असणाऱ्यांनी थोडं रुळल्यावर डब्ल्यूएसएल जरूर टाकावं. विंडोजच्या आतच उबंटू चालवण्याची ही मायक्रोसॉफ्टची सोय आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या टर्मिनलमध्ये डब्ल्यूएसएलची इन्स्टॉल ही एकच आज्ञा पुरते. नोकरीत ज्या सर्व्हरवर तुमचा प्रोग्राम चालेल तो बहुधा लिनक्सचाच असणार, तेव्हा ती ओळख लवकर झालेली बरी. एक पथ्य पाळा: डब्ल्यूएसएलमध्ये काम करताना प्रोजेक्टच्या फाइली उबंटूच्याच होम फोल्डरमध्ये ठेवा. सी ड्राइव्हवरच्या फाइली तिथून वापरल्या तर काम चांगलंच मंदावतं.

कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिटला पर्याय नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्सच्या कर्नलसाठी ते लिहिलं आणि आज जवळपास प्रत्येक कंपनीत तेच आहे. 'प्रोजेक्ट फायनल', 'प्रोजेक्ट फायनल नवा', 'प्रोजेक्ट खरंच फायनल' अशा फोल्डरांच्या रांगेत हरवलेला चालता प्रोग्राम गिटमध्ये हरवत नाही. विंडोजसाठीचा इन्स्टॉलर एकामागून एक बरेच पडदे दाखवतो. बहुतेक ठिकाणी आहे तसं पुढे जायला हरकत नाही, पण डिफॉल्ट एडिटर विचारतो तिथे व्हिमऐवजी व्हीएस कोड निवडा. नाही तर पहिल्या कमिटला, म्हणजे बदलांची नोंद करताना, संदेश लिहायचा राहिला की व्हिम उघडतो आणि त्यातून बाहेर कसं पडायचं हेच कळत नाही.

गिटहबवर कोड चढवताना जुने व्हिडिओ बघत असाल तर एक लक्षात ठेवा: ऑगस्ट 2021 पासून गिटहब टर्मिनलमधून खात्याचा पासवर्ड स्वीकारत नाही. ब्राउझर उघडून परवानगी द्यावी लागते, टोकन वापरावं लागतं किंवा एसएसएच की करावी लागते. विंडोजवरच्या गिटसोबत येणारा क्रेडेन्शियल मॅनेजर ब्राउझरची वाट आपसूक दाखवतो, सुरुवातीला तीच घ्या. आणि पहिल्या कमिटच्या आधी गिटइग्नोर, म्हणजे गिटने काय वगळायचं याची यादी असलेली फाइल, करा. डेटाबेसचा पासवर्ड, एखाद्या सेवेची एपीआय की, लायब्ररींचा फोल्डर यातलं काहीही वर जाता कामा नये. एकदा सार्वजनिक रिपॉझिटरीत गेलेली की नंतर फाइल खोडली तरी इतिहासात राहते. तसं झालंच तर ती की त्या सेवेच्या संकेतस्थळावर जाऊन रद्द करणं हाच इलाज.

आता मराठीकडे. आपल्याकडचे कितीतरी प्रोजेक्ट मराठी मजकुराशी जोडलेले असतात: ग्रामपंचायतीच्या नोंदी, वाचनालयाची यादी, शेतमालाचे भाव. म्हणून मशीन लावून झालं की ते इंग्रजीत चालतं का एवढंच न बघता देवनागरीत तपासा. माझी तपासणी साधी आहे. एका फाइलमध्ये सातारा, कोल्हापूर अशी गावांची नावं लिहा आणि पायथनने ती फाइल वाचा. विंडोजवर पायथनच्या आजवरच्या बहुतेक आवृत्त्या एन्कोडिंग सांगितलं नाही तर विंडोजची जुनी संकेतप्रणाली धरून चालतात. मग एक तर एरर येते, नाही तर गावांच्या जागी टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसते. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-8 असं स्पष्ट लिहिलं की सातारा पुन्हा सातारा होतं. एक्सेलमधून सीएसव्ही काढतानाही यूटीएफ-8 असं लिहिलेलाच प्रकार निवडा. टर्मिनलवर अक्षरं तुटक किंवा चौकोनी दिसली तर लगेच कोडला दोष देऊ नका. उत्तर फाइलमध्ये लिहा, ती एडिटरमध्ये उघडा आणि मग ठरवा. पुष्कळदा दोष फक्त टर्मिनलच्या फॉन्टचा असतो.

त्याच फाइलवर दुसरी तपासणी करा. 'कोल्हापूर' या शब्दाची लांबी पायथनला विचारा. आपण मोजतो को, ल्हा, पू, र, म्हणजे चार. पायथन सांगतं नऊ, कारण युनिकोडमध्ये क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार आणि र असे नऊ वेगळे संकेत आहेत. यूटीएफ-8 मध्ये त्यांतला प्रत्येक तीन बाइट घेतो, म्हणजे बाइट झाल्या 27. डेटाबेसमध्ये नावासाठी किती जागा ठेवायची किंवा पहिली पाच अक्षरं कशी कापायची हे ठरवताना याचा थेट संबंध येतो. चुकीच्या जागी कापलं तर 'कोल्' उरतं आणि प्रमाणपत्रावर तसंच छापून येतं.

आणि 'ऱ्य'. 'शेतकऱ्यांची' हा शब्द दोन प्रकारे टंकला जातो: एकात नुक्ता असलेला ऱ येतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत येतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. एका तालुक्याची माहिती एका कळफलकावरून आणि दुसऱ्याची दुसऱ्यावरून भरली गेली, तर शोधताना निम्म्या नोंदी सापडत नाहीत. डेटाबेसमध्ये भरण्याआधी सगळे 'ऱ्य' एकाच रूपात आणणारं छोटं फंक्शन लिहून ठेवा. हे काम इंग्रजी पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, ते आपणच करायचं आहे.

डेटाबेसचा विषय निघालाच आहे तर, शिकताना एसक्यूलाइटपासून सुरुवात करा. तो एका फाइलमध्ये मावतो, सर्व्हर चालवावा लागत नाही आणि पायथनमध्ये तो आधीच असतो. अभ्यासक्रमात मायएसक्यूएल असेल तर ते त्या सत्रात टाका, आणि तक्त्यांसाठी यूटीएफ-8 एमबी-4 हाच प्रकार ठेवा. 8.0 पासून तोच मुळात असतो, पण जुन्या नमुन्यांवरून कॉपी केलेल्या आज्ञांमध्ये जुना प्रकार लिहिलेला सापडतो.

अँड्रॉइड स्टुडिओ त्या विषयाचं प्रॅक्टिकल सुरू होईपर्यंत टाकू नका. तो आणि त्याचा एम्युलेटर मिळून 8 जीबी रॅमच्या मशीनला घाम फोडतात, 16 जीबी असेल तरच ते सुखाने चालतात. रॅम कमी असेल तर एम्युलेटर सोडून स्वतःचा फोन जोडा. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात यूएसबी डिबगिंग चालू करा, की ॲप थेट फोनवर चालतं. अजून लॅपटॉप घ्यायचा असेल तर रॅम वाढवता येते की मदरबोर्डवर कायमची बसवलेली आहे हे दुकानात आधी विचारा. डॉकरही असाच, गरज पडेपर्यंत थांबलेला बरा. डॉकर डेस्कटॉप शिक्षणासाठी आणि वैयक्तिक वापरासाठी मोफत आहे. 250 पेक्षा जास्त कर्मचारी किंवा वर्षाला 1 कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्या कंपन्यांना मात्र पैसे भरावे लागतात. नोकरी लागल्यावर कंपनीच्या मशीनवर ते विचारल्याशिवाय टाकू नका.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसांबद्दल मला सगळेच विचारतात. कोपायलटसारखी साधनं उपयोगाची आहेत आणि नोकरीत ती वापरावी लागतीलच. तरीही पहिल्या वर्षी एडिटरमध्ये आपोआप ओळ पुरी करून देणारी सोय बंद ठेवा असंच मी सांगेन. प्रोग्राम लिहायला शिकणं म्हणजे मोठ्या प्रमाणात एरर वाचायला शिकणं असतं: कोणत्या ओळीवर, कोणत्या कारणाने, आणि त्याआधीच्या ओळीत काय राहिलं. ओळी आपोआप पुऱ्या होत गेल्या तर हे वाचन होतच नाही, आणि व्हायवात समोरच्याने एक ओळ बदलून 'आता काय होईल?' असं विचारलं की उत्तर सुचत नाही. आधी स्वतः लिहा, अडल्यावर एरर समजावून घ्यायला मदतनिसाला विचारा, आणि मिळालेलं उत्तर स्वतःच्या हाताने टंका.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर मात्र कधीही नाही. वर सांगितलेली जवळजवळ सगळी साधनं कायदेशीरपणे मोफत आहेत, त्यामुळे विद्यार्थ्याला त्याची गरजही नाही. क्रॅक टाकण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात तिथेच ओळखावं. ज्या मशीनवर घरच्यांचं नेट बँकिंग आणि तुमचं डिजिलॉकर उघडतं त्यावर हा धोका घ्यायचा नाही. शोधयंत्रात नाव टाकल्यावर सर्वांत वर येणारी जाहिरातही अधिकृत असेलच असं नाही, पत्ता वाचून मग उघडा. त्यापेक्षा बरी वाट म्हणजे विंगेट. विंडोज 11 सोबत येणारं हे साधन टर्मिनलमधल्या एका ओळीत गिट, पायथन, व्हीएस कोड टाकून देतं आणि नव्या आवृत्त्याही आणतं.

राहिली यादी. 'कोड' फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल करा. प्रत्येक साधन टाकलं की त्यात नाव, आवृत्ती, कुठून घेतलं, कशासाठी घेतलं, आणि इन्स्टॉल करताना नेहमीपेक्षा वेगळं काय निवडलं ते लिहा. पाथमध्ये काही जोडलं तर तेही लिहा. ती फाइल गिटहबवरच्या खासगी रिपॉझिटरीत ठेवा, म्हणजे लॅपटॉप बिघडला तरी ती राहील. विंगेटने टाकलेल्या साधनांची यादी एक्सपोर्टच्या आज्ञेने फाइलमध्ये उतरवता येते, आणि व्हीएस कोडमध्ये सेटिंग्ज सिंक चालू केलं की एक्स्टेन्शन खात्यातच राहतात. सत्र संपल्यावर यादीवर एकदा नजर टाका. ज्या साधनापुढचं 'कशासाठी' तुम्हाला आता सांगता येत नाही, ते काढून टाका.

लॅपटॉप नुकताच घेतला असेल आणि वरचं सगळं एकदम झेपत नसेल, तर या आठवड्यात एवढंच करा: बिटलॉकरची चावी उतरवून ठेवा, फाइलींची शेपटं दिसू द्या, व्हीएस कोड, गिट आणि तुमच्या पहिल्या विषयाची एक भाषा टाका. बाकीची साधनं ज्या दिवशी त्यांचं काम निघेल त्या दिवशी टाका.